जुन्या पत्त्यावरची मावशी

"प्रज्ञा, मी नेटवरून गेले."

परब सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. जर्नलवर सही घ्यायची होती आणि मॅडम अजून आल्या नव्हत्या. मला वाटलं, सिस्टरांचं इंटरनेट बंद पडलं असेल.

"राउटर एकदा बंद करून चालू करा ना, सिस्टर."

"अगो, माझा नेट चालू आसा. त्या नेटवर मीच नाही. 'परळ हॉस्पिटल राहण्याची सोय' असं टाकलं की पहिली मी यायचे की नाही? आता पान खाली खाली नेतेय, माझं नावच नाही. वर तो रूमवाला एजंट बसलाय."

"थोडं खाली-वर होतं, सिस्टर. ऑफिसातले सर म्हणाले होते..."

"सर काय म्हणाले ते ठेव बाजूला. आज सकाळी मला एक माणूस भेटला. संध्याकाळी येशील? फोनवर नाही सांगत."

सिस्टरांचा आवाज एरवी खणखणीत असतो. त्या दिवशी तसा नव्हता. आणि त्यांच्या ब्लॉगला नवा पत्ता मीच जोडून दिला होता.

मी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिलाईल रोडला चाळीत राहते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. लेक्चर संपली की दादरला कबुतरखान्याजवळ एका छोट्या ऑफिसात अर्धा वेळ काम करते. ऑफिस म्हणजे एक खोली, जुने कॉम्प्युटर आणि आमचे नितीन सर. आम्ही लहान लहान दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट करतो. हे काम नक्की काय आहे ते घरी समजावून सांगायला मला अजून जमलेलं नाही. पप्पा शेजाऱ्यांना एवढंच सांगतात, "पोरगी कॉम्प्युटरवर आहे."

परब सिस्टर परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर लालबागच्या घरात त्यांना करमेना. भाचीने त्यांना एक फुकटचा ब्लॉग काढून दिला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली लिहायची जागा. सिस्टर तिथे मोबाइलवर एका बोटाने लिहायला लागल्या. गावाहून पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना ज्या गोष्टी कोणी सांगत नाही, त्या त्यांनी लिहिल्या. कुठल्या धर्मशाळेत डॉक्टरांची रेफरची चिठ्ठी लागते आणि कुठे नुसता केसपेपर चालतो. सामान कुठे ठेवता येतं. औषधांनी तोंड आलेल्या पेशंटला बिनतिखटाचं वरण आणि मऊ भात कोण करून देतं. बाळाचं दूध कुठे गरम करून मिळतं. सगळ्यात वर एक ओळ होती, "गेटवर कोणी 'रूम पाहिजे का' विचारलं तर उत्तर न देता पुढे चला." आणि सगळ्यात खाली त्यांचा स्वतःचा फोन नंबर.

हा ब्लॉग हळूहळू लोकांना माहीत झाला. जिल्ह्याच्या गावातले काही डॉक्टर पेशंटला मुंबईला पाठवताना चिठ्ठीच्या मागे त्याचा पत्ता लिहून द्यायला लागले. एक-दोन संस्थांनी आपल्या वेबसाइटवर त्याची लिंक दिली.

पण त्याच सुमाराला रूम मिळवून देणाऱ्या एका एजंटाने चकचकीत वेबसाइट काढली. "खात्रीशीर खोली, आधी ॲडव्हान्स पाठवा." खोली कधी मिळायची, कधी नाही. ही वेबसाइट सर्चमध्ये सिस्टरांच्या मागोमाग यायला लागली. म्हणून भाची त्यांना आमच्या ऑफिसात घेऊन आली. "आत्याला वरच ठेवा," एवढंच तिचं म्हणणं होतं.

सर म्हणाले, "स्वतःचं डोमेन घ्या. वर जाल."

हे अर्धं खरं आहे, म्हणून थोडं सांगते. फुकटच्या ब्लॉगला जो पत्ता मिळतो त्यात आधी आपलं नाव आणि पुढे त्या फुकट सेवेचं नाव असतं. पाकिटावर आपण "द्वारा अमुक अमुक" लिहितो, तसं. डोमेन नेम म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता. तो वर्षाच्या भाड्याने मिळतो. नुसतं डोमेन घेतलं म्हणून सर्चमध्ये कोणी वर जात नाही. पण स्वतःचा पत्ता असला की लोक विश्वासाने उघडतात, दुसरे लोक त्याची लिंक देतात, आणि ही सगळी पत आपल्याच नावावर जमा होत जाते. उद्या ती फुकट सेवा बंद झाली तरी पत्ता आपल्याकडे राहतो. सर्च करणारी मशीन ही पत बघून कोणाला आधी दाखवायचं ते ठरवते. त्यालाच रँकिंग म्हणतात.

जोडायचं काम अवघड नाही. जिथून डोमेन घेतलं तिथे दोन नोंदी करायच्या, ब्लॉगच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता टाकायचा आणि थांबायचं. मी सिस्टरांच्या घरी बसून ते केलं होतं. थोड्या वेळाने नवा पत्ता टाकला, ब्लॉग उघडला. जुना टाकला, तरी तोच ब्लॉग उघडला. मी खूश होऊन म्हटलं होतं, "झालं, सिस्टर. आता दोन्ही पत्त्यांवरून तुमचाच ब्लॉग उघडतो." सिस्टरांनी मला खोबऱ्याची वडी दिली होती.

फोन आला त्या दिवशी मी जर्नल तसंच ठेवून ऑफिसात गेले. सर एका हॉलवाल्याच्या वेबसाइटवर फोटो चढवत होते.

"सर, परब सिस्टरांचा ब्लॉग सर्चमध्ये खाली गेलाय."

"जाणारच. डोमेन बदललं की रँकिंग हलतं. घर रंगवायला काढलं की सामान गॅलरीत येतं ना? मग परत आत जातं. थांब म्हणावं."

"किती खाली जातं, सर?"

"थोडं."

"त्या दिसतच नाहीयेत."

सरांनी खुर्ची वळवली. "दिसतच नाहीत म्हणजे?"

"एकाही पानावर नाहीत. मी पण बघितलं."

"मग कोणीतरी कशाला तरी हात लावलाय. तू लावलास?"

"नाही, सर."

"मग क्लायंटने."

"सिस्टर तशा नाहीत, सर. त्या न विचारता काही करत नाहीत."

"अगं, 'हा तसा नाही' म्हटलेला प्रत्येक क्लायंट शेवटी तसाच निघतो. जा, बघून ये. आणि तिथे रडत बसू नकोस. अडलं तर फोन कर."

मी लालबागला पोचले तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. मला पाणी दिलं आणि न बसताच बोलायला लागल्या.

"हिंगोलीकडचा माणूस आहे. बायकोच्या जिभेवर गाठ आहे. सकाळी मी दूध आणायला उतरले तर दोघं फुटपाथवर बसलेली. पुढ्यात पत्र्याची ट्रंक. मी विचारलं, कुठे उतरलात? तर म्हणाला, रूम बुक केली होती, पण माणूस फोन उचलत नाही. तोच एजंट. ॲडव्हान्स घेतला आणि गेला."

"त्यांना तुमचा ब्लॉग माहीत नव्हता?"

"तेच तर सांगतेय! त्याच्या डॉक्टरने चिठ्ठीमागे माझा पत्ता लिहून दिला होता. मला दाखवली ना चिठ्ठी. पण तो जुना पत्ता. तो म्हणाला, टाकला तर काही उघडलं नाही, म्हणून सर्च केलं, तर हा एजंट वर आला." त्या खुर्चीवर बसल्या. "माझा पत्ता खिशात घेऊन तो माणूस फुटपाथवर झोपला, प्रज्ञा."

मग एक गोष्ट डोक्यात अडकली.

"सिस्टर, जुना पत्ता टाकला तरी तुमचंच पान उघडायला पाहिजे होतं."

मी माझ्या मोबाइलवर जुना पत्ता टाकला. पांढरं पान आलं. त्यावर लिहिलं होतं, हा ब्लॉग काढून टाकण्यात आला आहे.

मी त्यांच्याकडून लॉगिन करून घेतलं आणि सेटिंग उघडलं. तिथे दोन रकाने असतात. खालच्या रकान्यात नवं डोमेन बरोबर होतं. वरच्या रकान्यात ब्लॉगचा मूळ, फुकटचा पत्ता असायला हवा होता. तिथे इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, जुनाबेडबंद.

"सिस्टर, हे कोणी केलं?"

"मीच केलं. का?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही चुकल्याचं दिसत नव्हतं. उलट पलंगाची चादर नीट घातली आहे, बघून घे, असा भाव होता.

"तू म्हणालीस ना, आता दोन्ही पत्त्यांवरून उघडतो? मी मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे, पण एवढं करायचं राहिलं तिच्याकडून. एक पेशंट दोन बेडवर कसा राहील?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! वॉर्डात पेशंट हलवला की पहिलं काम काय? जुना बेड मोकळा. चादर काढ, नावाची पट्टी काढ, औषधाचा ट्रे काढ. माझ्या ट्रेनिंगच्या दिवसांत एका मुलीने पट्टी काढली नाही. पेशंट गेला खिडकीजवळच्या बेडवर, नाव राहिलं दाराजवळ. त्या बेडवर दुसरी बाई आली आणि रात्रपाळीची नर्स तिला पहिलीचं इंजेक्शन द्यायला निघाली. नशीब त्या बाईने विचारलं, हे कशाचं. मेट्रनने आम्हा सगळ्यांना उभं करून झापलं. तेव्हापासून मी जुना बेड आधी बंद करते. इथे तो रकाना रिकामा ठेवू देत नव्हते. म्हणून तसं नाव टाकलं. कोणी बघितलं तर कळेल."

मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. त्यांनी हे माझ्यामागे, अगदी नीट विचार करून केलं होतं. आणि त्यांच्या कामाच्या दृष्टीने ते बरोबर होतं. फक्त आमच्या कामात नेमकं याच्या उलटं असतं.

मला पटकन समजावून सांगता येत नाही. मी "रीडायरेक्ट", "लिंक" वगैरे बोलायला लागले आणि सिस्टरांच्या कपाळावर आठ्या आल्या. मग मीच विचारलं, "सिस्टर, पेशंट वरच्या मजल्यावर हलवला आणि त्याचे नातेवाईक डबा घेऊन जुन्या बेडवर आले, तर त्यांना कोण सांगायचं?"

"वॉर्डातली मावशी. ती दाराशीच असते. ती सांगते, तुमचा पेशंट वर गेला, जिन्याने जावा."

"जुन्या पत्त्यावर ती मावशीच बसवलेली असते. तिथे तुमचा ब्लॉग नसतो. कोणी आलं की ती त्याला नव्या पत्त्यावर पाठवते. माणसांना पाठवते, सर्चच्या मशीनला पण पाठवते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, संस्थांच्या लिंक, सगळं त्या जुन्या बेडवर येतं ना? ती सांगते, वर जावा. म्हणून तुमची पत पण तुमच्यामागून वर येते."

सिस्टरांनी 'जुनाबेडबंद'वर बोट ठेवलं.

"आणि मी मावशीला घरी पाठवलं."

"हो."

"म्हणून मशीनला वाटलं, परब सिस्टर मेली."

"मेली नाही, सिस्टर. पण जुना पत्ता बंद आणि नवा पत्ता कालपरवाचा. मशीनला तुम्ही कोण ते माहीतच नाही."

"देवा महाराजा," त्या म्हणाल्या आणि लगेच सावरल्या. "मग आता परत बसव तिला. काय कठीण आहे?"

कठीण नव्हतं. पण एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितली नव्हती. फुकटच्या सेवेत आपण एखादा पत्ता सोडला की तो मोकळा होतो. मग कोणीही येऊन तो स्वतःच्या नावावर घेऊ शकतं. ज्याला सिस्टरांच्या जागी यायचं आहे त्याला तर पैसेही लागत नाहीत. फक्त ते नाव मोकळं आहे हे कळायला हवं.

मी हे हळूच सांगितलं. सिस्टरांचा चेहरा बदलला.

"म्हणजे तो एजंट माझ्या पत्त्यावर येऊन बसू शकतो? गावचा डॉक्टर माझं नाव म्हणून लिहून देणार, आणि उघडणार त्याचं दुकान?"

"शक्य आहे."

"बसलाय का?"

"अजून पान कोणाचं दिसत नाही. पण नाव घेऊन नुसतं ठेवलं असेल तर टाकून बघितल्याशिवाय कळणार नाही."

"मग बघत काय बसलीस गो? टाक!"

मी रकान्यातलं "जुनाबेडबंद" पुसलं आणि जुनं नाव टाइप केलं. एकेक अक्षर तपासून टाकलं. सेव्ह दाबलं. ते गोल चक्र फिरायला लागलं. सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांच्या बांगड्या माझ्या कानाशी होत्या. चक्र फिरतच राहिलं. शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघी दचकलो.

मग पान परत उघडलं. वरच्या रकान्यात त्यांचं जुनं नाव होतं. ते परत मिळालं होतं. तेवढ्या दिवसांत ते कोणाच्याही नजरेला पडलं नव्हतं.

मी मोबाइलवर जुना पत्ता टाकला. एक क्षण पांढरं, मग आपोआप वरचा पत्ता बदलला आणि सिस्टरांचा ब्लॉग उघडला. "गेटवर कोणी 'रूम पाहिजे का' विचारलं तर..."

"आली मावशी," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग एकदम माझ्या पाठीत धपाटा घातला. "तुला आधी सांगता येत नव्हतं हे?"

खरं तर मी सांगितलं होतं. "दोन्हीवरून उघडतो" हे वाक्य माझ्या दृष्टीने पूर्ण होतं.

सरांना फोन केला. सगळं ऐकून ते आधी खूप हसले. "जुनाबेडबंद? याचा स्क्रीनशॉट पाठव." मग नीट बोलले. "आता सर्चवाल्यांच्या टूलमध्ये जा. जुनी पानं आणि नवी पानं, दोन्ही परत बघून जा म्हणून रिक्वेस्ट टाक. बाकी काही करू नकोस. रोज रोज सेटिंग चाळत बसलीस तर मीच तुझा पासवर्ड बदलेन."

हे टूल म्हणजे सर्च करणाऱ्या मशीनला निरोप देण्याची जागा. आमची पानं परत तपासा, असं सांगता येतं. कधी तपासायची ते तीच ठरवते. आपण थांबायचं.

थांबणं मला जमत नाही. सकाळी उठल्यावर, लेक्चरच्या मधल्या वेळात, घरी जाताना डिलाईल रोडच्या पुलावर, मी तेच शब्द टाकून बघायचे. काही नाही. काही नाही. वर एजंट. पप्पांनी एकदा विचारलं, "रिझल्ट आहे का कसला?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी." मनात सारखं येत होतं की या वेळात अजून कोणीतरी चिठ्ठी घेऊन मुंबईत उतरत असेल. निदान चिठ्ठीवरचा पत्ता आता चालत होता. तेवढ्यावर मी रात्री झोपायचे.

सिस्टर मात्र थांबल्या नव्हत्या. त्या हिंगोलीच्या जोडप्याला त्यांनी त्याच दिवशी ओळखीच्या धर्मशाळेत नेऊन बसवलं होतं. मॅनेजर जागा नाही म्हणाला, तर त्याला सांगितलं, "तुझ्या मुलाचा कान फुटला होता तेव्हा मी किती वाजता आले होते?" जागा निघाली. पुढे बाईंचं ऑपरेशन झालं. सिस्टर रोज त्यांना मऊ भात पोचवत होत्या आणि तसा भात मिळण्याची नवी जागा ब्लॉगवर लिहीतही होत्या. सर म्हणाले, हे सगळ्यात उत्तम झालं. नवं आणि खरं लिहिलेलं सापडलं की मशीन परत परत येऊन बघते.

मग एके दुपारी ब्लॉग दुसऱ्या पानावर दिसला. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये एकटीच हसले. दोन-चार दिवसांनी तो पहिल्या पानावर तळाशी आला. तिथे काही काळ अडकला. मला वाटलं, एवढ्यावरच समाधान मानावं लागणार. आणि मग एका सोमवारी तो सगळ्यात वर होता. एजंट दोन जागा खाली.

मी लगेच सिस्टरांना फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. लेक्चर झालं, परत लावला. तरी एंगेज. मधल्या त्या दिवसांत त्यांचा फोन इतका वेळ कधीच एंगेज नसायचा. म्हणजे ब्लॉगच्या तळाचा फोन नंबर लोकांना परत सापडायला लागला होता, आणि तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. सर्चमधला पहिला नंबर बघून पडला नव्हता तितका.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"काय गो, एवढे मिस्ड कॉल? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही, सिस्टर. तुम्ही पहिल्या नंबरवर आलात."

"ते मला सकाळपासून कळतंय. कान गरम झाला माझा. आता पण धुळ्याची एक बाई लाइनवर मागे थांबली आहे, तिला उद्या कुठल्या गेटने यायचं ते सांगायचंय. तुझं काही महत्त्वाचं आहे?"

"नाही."

"मग ठेव."

मी ठेवला. तेव्हापासून कोणाचं डोमेन जोडून दिलं की मी क्लायंटला एक प्रश्न विचारते, तुमच्या धंद्यात जुनी जागा सोडली की तुम्ही तिथे काय करता? ते जे सांगतात ते शेवटपर्यंत ऐकून घेते. आणि त्यानंतरच ठरवते, त्यांना सेटिंगचा पासवर्ड लगेच द्यायचा की आठवड्याने.